स्लो कुकरमधलं ब्रेडचं गोड कॅसरोल: सगळा खेळ पाण्याचा

स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) ब्रेड, अंडी आणि दुधाचं गोड कॅसरोल, म्हणजे एकाच भांड्यात शिजवून वड्या पाडायचा पदार्थ, करताना बिघडतं ते तीन प्रकारांनी. कडा करपतात आणि मधोमध कच्चं राहतं. नाहीतर ब्रेडच्या फोडी विरघळून सगळ्याचा लगदा होतो. नाहीतर वरून अगदी छान दिसतं, पण चमचा घालताच तळाशी पाणी साचलेलं सापडतं. दोष अंड्यांना किंवा ब्रेडला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की ओव्हनसाठी लिहिलेली कृती जशीच्या तशी स्लो कुकरमध्ये ओतलेली असते.

ओव्हनमध्ये कोरडी, गरम हवा असते. पाऊणएक तास भाजताना दुधातलं बरंच पाणी उडून जातं आणि वरचा थर कुरकुरीत होतो. स्लो कुकरमध्ये यातलं काहीच होत नाही. वाफ झाकणाला लागते, थंड होते आणि थेंब थेंब परत त्याच भांड्यात पडते. हे यंत्र मुळात घेवड्यासारखे दाणे तासन्‌तास शिजवण्यासाठी होतं. अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं आणि १९७१ मध्ये ते 'क्रॉक-पॉट' या नावाने घरोघरी पोचलं. दाण्यांना पाणी टिकलेलं हवंच असतं. कस्टर्डला, म्हणजे अंडी-दुधाच्या आळणाऱ्या मिश्रणाला, मात्र तेच पाणी नको असतं. म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत एकच प्रश्न आहे: हे पाणी कुठून आलं आणि ते कुठे घालवायचं?

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे 'लो' आणि 'हाय'. 'लो'वर पदार्थ कमी तापतो आणि 'हाय'वर जास्त, असं वाटतं. पण बऱ्याच स्लो कुकरमध्ये दोन्ही सेटिंग शेवटी उकळीच्या जरा खाली, साधारण ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास येऊनच थांबतात. फरक आहे तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा. भरलेलं भांडं 'हाय'वर तीन-चार तासांत तिथे पोचतं, 'लो'वर सात-आठ तासांत. आणि अंड्याचं कस्टर्ड तर ८० अंशांच्या आसपासच आळून येतं, ८५च्या वर गेलं की फुटायला लागतं. म्हणजे रस्सा किंवा दाणे कुकरला आपलं काम पुरतं करू देतात, पण हा पदार्थ त्याचं काम अर्ध्यावर असतानाच थांबवायचा असतो. 'लावून ठेवा आणि विसरून जा' हे स्लो कुकरचं ब्रीद इथे लागू पडत नाही, हे आधीच स्वीकारलेलं बरं.

साहित्य

५ ते ६ लिटरचा लांबट अंडाकृती स्लो कुकर, सहा ते आठ जणांसाठी:

ब्रेड ४५० ग्रॅम (वाळवण्यापूर्वीचं वजन)
अंडी ८ मध्यम (कवच काढून साधारण ४०० ग्रॅम)
सायीसकट दूध ४५० मिली
क्रीम १५० मिली
साखर ८० ग्रॅम, त्यातली निम्मी ब्राऊन शुगर असली तर चव खुलते
वितळलेलं लोणी ३० ग्रॅम, शिवाय भांड्याला लावायला थोडं
दालचिनी पूड २ छोटे चमचे
जायफळ पूड पाव छोटा चमचा
व्हॅनिला इसेन्स २ छोटे चमचे
मीठ अर्धा छोटा चमचा
वरून घालायला भाजलेले अक्रोड किंवा बदाम ५० ग्रॅम

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चमचा. दूध आणि क्रीम मिळून ६०० मिली होतात. एवढ्याच ब्रेडला ओव्हनच्या कृतीत बहुधा ७५० ते ८०० मिली सांगितलेलं असतं. ओव्हनची एखादी आवडती कृती स्लो कुकरमध्ये करून बघायची असेल तर द्रव पदार्थ पाव हिश्शाने कमी करायचे, अंडी तेवढीच ठेवायची. सुरुवात इथून केली तर फारसं चुकत नाही.

क्रीम वगळून सगळं दूधच घातलं तरी चालतं, पण मग पोत थोडा भरभरीत येतो. स्निग्धांश कस्टर्डमधल्या प्रथिनांच्या जाळ्याला मऊ ठेवतो आणि दूध फुटण्याची शक्यता कमी करतो. साय काढलेलं दूध मात्र घेऊ नका. तासन्‌तास मंद आचेवर ते आधी फुटतं. आणि मीठ विसरू नका, त्याच्याशिवाय हा पदार्थ नुसता गोडमिट्ट लागतो.

ब्रेड कोणता आणि किती वाळवायचा

अंडं आणि लोणी घातलेला ब्रेड, म्हणजे ब्रिओश किंवा हाला, इथे सगळ्यात चांगला. त्याच्या जाळीच्या भिंती मजबूत असतात, भिजल्यावरही त्या उभ्या राहतात. तो नसेल तर न कापलेला, जरा जड, घट्ट जाळीचा पांढरा ब्रेड घ्या. पिशवीतला मऊ सँडविच ब्रेड टाळा. त्याची जाळी इतकी पातळ असते की कस्टर्ड लागताच ती मिटते, आणि लगदा इथूनच सुरू होतो. सावरडो (आंबवलेल्या पिठाचा आंबटसर) ब्रेड आकार छान धरतो, पण त्याची जाड कडा मंद आचेत चिवट होते. तो वापरणार असाल तर कडा काढून टाका.

ब्रेडच्या अडीच ते तीन सेंटिमीटरच्या फोडी करा. लहान फोडी विरघळतात आणि मोठ्यांचा गाभा कोरडा राहतो.

आता वाळवणं. 'शिळा ब्रेड घ्या' एवढ्यावर बऱ्याच कृती थांबतात, आणि ती अर्धीच सूचना आहे. शिळा होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ब्रेड शिळा होतो तेव्हा त्यातला स्टार्च पुन्हा स्फटिकासारखा घट्ट होतो आणि म्हणून तो कडक लागतो. पिशवीत बंद असेल तर पाणी मात्र त्याच्यातच असतं. हा कडकपणा साधारण ६० अंशांच्या पुढे पुन्हा सैल पडतो (शिळा ब्रेड गरम केला की मऊ होतो, तो यामुळेच). म्हणजे भांड्यात गेल्यावर तो ताज्या ब्रेडसारखाच वागणार. आपल्याला हवा आहे पाणी खरोखर उडालेला ब्रेड, कारण जेवढं पाणी उडालं तेवढीच जागा कस्टर्डला मिळते.

फोडी ट्रेमध्ये एका थरात पसरा आणि १५० अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. रंग बदलायला नको. फोड बाहेरून टोस्टसारखी कडक आणि आतून किंचित दबणारी हवी. वजनकाटा असेल तर काम सोपं: ४५० ग्रॅमचे साधारण ३८० ग्रॅम झाले की थांबा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर थोड्या थोड्या फोडी कोरड्या भाजा, किंवा ताटात उघड्या पसरून दिवसभर ठेवा. पावसाळी, दमट हवेत मात्र उघडं ठेवून काही साधत नाही. तिथे तवाच बरा.

कस्टर्ड

दालचिनीची पूड दुधावर घातली की वर तरंगते, गुठळ्या करते आणि शेवटी एकाच फोडीवर जाऊन बसते. तिला पाणी सहज भिजवत नाही. म्हणून दालचिनी, जायफळ आणि मीठ आधी कोरड्या साखरेत मिसळा. मग त्यात अंडी फोडून फेटा आणि त्यानंतर दूध, क्रीम, व्हॅनिला घाला. वितळलेलं लोणी कोमट करून शेवटी घाला.

फेटताना फेस काढायचा नाही. हाताचा फेटा तळाशी टेकवून गोल फिरवा. पांढरं आणि पिवळं एकजीव झालं की पुरे. फेस वर येऊन बसतो आणि शिजल्यावर त्याचा कोरडा, स्पंजसारखा थर होतो. मिश्रण गाळणीतून गाळून घेतलं तर पांढऱ्यातले धागे निघून जातात. ते शिजून पांढरे तंतू होतात आणि खाताना जाणवतात. दालचिनीचा थोडा गाळ जाळीत अडकेल, तो चमच्याने परत मिश्रणात ढकला.

दूध फ्रिजमधून काढून थेट वापरलं तर मधल्या भागाला तापायला जवळपास अर्धा तास जास्त लागतो, आणि तेवढा वेळ कडा जास्त शिजतात. दूध कोमट करून घ्या, बोटाला जेमतेम उबदार लागेल इतकंच. त्यापेक्षा गरम नको. आणि अंडी-दूध एकत्र झालं की पुढचं काम लगेच सुरू करा.

भिजवणं मोठ्या पातेल्यात करा, कुकरच्या भांड्यात नाही. फोडींवर मिश्रण ओतून हलक्या हाताने वर-खाली करा, पाच मिनिटांनी पुन्हा, असं एकूण १५ ते २० मिनिटं. एक फोड मोडून पाहा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून थांबा. पातेल्याच्या तळाशी जरासं कस्टर्ड उरलेलं चालतं, पण फोडी त्यात तरंगत असतील तर ब्रेड पुरेसा वाळला नव्हता. अशा वेळी सगळं मिश्रण भांड्यात ओतू नका. वाटीभर मागे ठेवा.

रात्री भिजवून सकाळी लावायचं असेल तर पातेलं झाकून फ्रिजमध्येच ठेवा. त्यासाठी कुकरचं सिरॅमिक भांडं वापरायचं नाही. थंडगार भांडं तापत्या आवरणात ठेवलं तर तडकू शकतं. न तडकलं तरी एवढा थंड गोळा तापायला फार वेळ घेतो, आणि ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. फ्रिजमधलं मिश्रण वापरताना पहिला अर्धा तास 'हाय' ठेवून मग 'लो'वर आणा. आणि ज्या कुकरला उशिरा सुरू होणारा टायमर आहे त्यात कच्च्या अंड्यांचं मिश्रण भरून रात्री झोपी जाण्याचा मोह टाळा. कच्चं अंडं आणि दूध खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नसतं, उकाड्यात तर एक तासही खूप झाला. इथे तडजोड करू नये.

भांडं भरण्याआधी दोन कामं

पहिलं काम कडा करपू नयेत म्हणून. बहुतेक स्लो कुकरमध्ये तापणारी तार भिंतींमध्ये गुंडाळलेली असते, आणि बऱ्याच कुकरमध्ये बटणांच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे मागची भिंत जास्त तापते. अॅल्युमिनियम फॉइलची सहा पदरी घडी घालून दहा-बारा सेंटिमीटर उंचीची पट्टी करा आणि ती मागच्या भिंतीला आतून लावा. ही पट्टी त्या बाजूची आच अडवते. तिच्यावरून बेकिंग पेपरचा मोठा तुकडा असा बसवा की त्याची दोन टोकं बाहेर राहतील. त्यांना धरून अख्खं कॅसरोल उचलता येतं आणि सारख्या वड्या पडतात. कागदाला आणि उघड्या भिंतींना भरपूर लोणी लावा.

दुसरं काम वाफेसाठी. भिजलेल्या फोडी भांड्यात पसरा, दाबू नका. थर सहा ते आठ सेंटिमीटर उंच हवा. वर एक स्वच्छ, पातळ, दुपदरी सुती फडकं ताणून धरा आणि त्यावर झाकण ठेवा. फडक्याची चारही टोकं झाकणावर उलटी घेऊन मुठीला बांधा, ती बाहेरच्या तापलेल्या आवरणाला लागता कामा नयेत. फडकं लोंबून पदार्थाला टेकायलाही नको. ते नसेल तर किचन पेपरचे तीन पदर चालतात. झाकणाला लागणारी वाफ आता पाणी होऊन खाली न पडता कापडात मुरते. तीन तासांनी ते कापड पिळून पाहिलं की कळतं, एरवी हे सगळं पाणी कस्टर्डमध्ये गेलं असतं. एवढी एक गोष्ट केली तरी तळाशी पाणी साचण्याची निम्मी तक्रार मिटते.

किती वेळ, आणि झालं हे कसं ओळखायचं

'लो'वर साडेतीन ते चार तास. पहिली तपासणी तीन तासांनी. 'हाय'वर दोन ते अडीच तासांत होतं, पण कडा आणि मध्य यांतलं अंतर तिथे फार वाढतं. मधला भाग तयार होईपर्यंत बाजूचे दोन-तीन सेंटिमीटर रबरासारखे झालेले असतात. घाई असेल तर हा पदार्थ करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

झाकण दर वेळी उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि ती भरून यायला १५ ते २० मिनिटं लागतात. काचेचं झाकण असलं तरी फडक्यामुळे आतलं दिसत नाही, त्यामुळे उघडून बघण्याची ओढ होते. एकदाच उघडा, तीन तासांच्या तपासणीला, आणि त्याच वेळी ओलं फडकं काढून कोरडं लावा.

झालं की नाही हे सांगण्यात घड्याळापेक्षा थर्मामीटर खरा. सुई मधोमध, अर्ध्या खोलीपर्यंत घाला. ७५ अंश दाखवले की कुकर बंद करा. सुरक्षिततेसाठी अंड्याचे पदार्थ ७१ अंशांना पोचायला हवेत, ते झालेलंच असतं, आणि बंद केल्यावरही जाड भांड्याची ऊब मधलं तापमान आणखी काही अंशांनी वाढवते. थर्मामीटर नसेल तर मधोमध सुरी घाला. तिला दुधाळ ओघळ लागला तर कच्चं आहे. ती ओलसर पण स्वच्छ निघाली तर झालं. कोरडी ठणठणीत निघाली तर उशीर झाला. डोळ्यांनी पाहायचं तर कडा भिंतीपासून किंचित सुटलेल्या असतात, मधला भाग फुगून बाजूंच्या बरोबरीला आलेला असतो आणि भांडं हलवलं की मध्यभाग थरथरतो, पण लाट उठत नाही.

मर्यादा ओलांडली की काय होतं ते समजलं तर ७५चा आग्रह पटेल. अंड्यातली प्रथिनं उलगडून एकमेकांना धरतात आणि त्यांच्या जाळ्यात दूध अडकतं, कस्टर्ड आळतं ते असं. आच वाढत गेली की जाळं आवळत जातं आणि अडकलेलं पाणी पिळून बाहेर पडतं. म्हणजे तळाचं पाणी दर वेळी वाफेचंच असतं असं नाही. दोन्हींत फरक ओळखता येतो. वाफेचं पाणी वरच्या थराला भिजवून खाली उतरतं, वरच्या फोडी ओल्या आणि फिकट दिसतात. फुटलेल्या कस्टर्डचं पाणी पिवळसर, गढूळ असतं आणि आतल्या भागात बारीक छिद्रं, दाणेदारपणा दिसतो. पहिल्याला कोरडं फडकं, दुसऱ्याला कमी वेळ हा उपाय.

कडांना हिरवट-करडी झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांच्या संयोगाने हा रंग येतो, जास्त उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती येतो तसाच. खायला धोका नसतो, पण पदार्थ फार वेळ तापला याची ती खूण आहे. 'वॉर्म'वर (शिजलेलं नुसतं गरम ठेवणाऱ्या सेटिंगवर) तासन्‌तास ठेवल्यावर हमखास दिसते. 'वॉर्म'वर एक तास ठीक, त्यापुढे नको.

चार तास होऊनही मध्य कच्चा असेल तर बहुधा थर फार उंच झालाय, मिश्रण थंड होतं किंवा झाकण वारंवार उघडलं गेलंय. विजेचा दाब कमी असला तरी हेच होतं. कोरडं फडकं लावून अर्धा तास 'हाय'वर ठेवा, मग तपासा. दुप्पट प्रमाण घेऊन भांडं काठोकाठ भरण्याच्या फंदात मात्र पडू नका. थराची उंची दुप्पट झाली की मध्याला लागणारा वेळ दुपटीहून बराच जास्त वाढतो, आणि तोवर कडा हाताबाहेर जातात. साडेतीन लिटरच्या लहान कुकरला वरचं प्रमाण निम्मं करा आणि अडीच तासांनीच पहिल्यांदा बघा.

बंद केल्यावर झाकण आणि फडकं दोन्ही काढून १५ ते २० मिनिटं तसंच राहू द्या. फुगलेलं कॅसरोल थोडं बसेल. आतली वाफ आटली की ते होणारच. याच वेळात वरचा थर सुकतो आणि वड्या सुटसुटीत निघतात.

फळं घालायची असतील तर

फळ म्हणजे बहुतांश पाणी, त्यामुळे इथे हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

सफरचंदाची गंमत अशी की ते कच्चं घातलं तर शेवटी कच्चंच राहतं. फळाच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन ८५ अंशांच्या आसपास सैल पडतं, आणि आपण तर मध्याला ७५वर थांबतोय. मऊ कस्टर्डमध्ये करकरीत फोडी लागतात आणि त्यांच्याभोवती पाणीही सुटतं. दोन सफरचंदांच्या सेंटिमीटरभर जाड फोडी थोड्या लोण्यात पाच-सहा मिनिटं परता, सुटलेलं पाणी तिथेच आटवा, गार करा आणि मग ब्रेडमध्ये मिसळा. पेअरलाही हेच.

ब्लूबेरी, रास्पबेरीसारखी फळं १५० ग्रॅमपर्यंत घ्या. गोठवलेली असतील तर वितळू देऊ नका. तशीच एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून फक्त वरच्या थरात घाला. तळाला घातली तर रस खाली जमतो. केळं तीन-चार तासांत काळपट आणि बुळबुळीत होतं, ते वाढताना ताजं कापून घालावं. मनुका आणि इतर सुकी फळं दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून, पिळून घाला आणि भिंतीपासून दूर ठेवा. कडेला लागलेली मनुका फुगते, करपते आणि कडू होते.

कच्चं अननस, किवी आणि पपई घालू नका. त्यांच्यातली एन्झाइम प्रथिनं तोडतात, त्यामुळे कस्टर्ड धड आळत नाही आणि दुधाला कडवट चव येते. डबाबंद किंवा आधी शिजवलेलं अननस चालतं, उष्णतेने ती एन्झाइम निकामी झालेली असतात. संत्र्या-लिंबाची किसलेली साल बेलाशक घाला, रस नको.

क्रीम चीज घालायचं तर १०० ग्रॅमचे दीड सेंटिमीटरचे थंड तुकडे करून दोन थरांच्या मध्ये पेरा. कस्टर्डमध्ये फेटलं तर त्याच्या गुठळ्या राहतात.

वरच्या कुरकुरीत थराबद्दल एकच सांगणं: मैदा-लोणी-साखरेचा चुरा स्लो कुकरमध्ये कधीही कुरकुरीत होत नाही, वाफेत त्याची चिकट पेस्ट होते. तो हवाच असेल तर ट्रेमध्ये १८० अंशांवर वेगळा भाजून वाढताना भुरभुरा. सुकामेवाही तसाच, कोरडा भाजून अगदी शेवटी. कुकरचं भांडं ग्रिलखाली ठेवून वरचा रंग आणायचा विचार असेल तर आधी माहितीपत्रक वाचा. बरीच सिरॅमिक भांडी त्या थेट आचेसाठी बनवलेली नसतात.

अंडं नको असेल तर

अंड्याऐवजी कच्चं कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून ब्रेडवर ओतणं, ही बिनअंड्याच्या प्रकारातली नेहमीची चूक आहे. कॉर्नफ्लोअरचा कच्चेपणा जायला आणि ते पूर्ण दाट व्हायला जवळपास उकळीचं तापमान लागतं. मधला भाग तिथवर पोचेपर्यंत पीठ तळाशी बसतं आणि वर नुसतं दूध उरतं. म्हणून कस्टर्ड आधी गॅसवर करा. ९०० मिली दुधातलं थोडं बाजूला काढून त्यात ४५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवा, उरलेलं दूध ९० ग्रॅम साखर, मीठ आणि दालचिनी घालून तापवा. कालवलेलं मिश्रण त्यात ओता आणि ढवळत राहा. बुडबुडे आल्यावर आणखी एक-दोन मिनिटं शिजवा, ४० ग्रॅम लोणी घाला. चमच्याच्या पाठीला लागून राहील पण सहज ओतता येईल इतपतच दाट हवं.

हे गरम कस्टर्ड वाळवलेल्या ४५० ग्रॅम ब्रेडवर ओता, दहा मिनिटं मुरू द्या, आणि फॉइल व फडक्याची तीच तयारी करून 'लो'वर दोन तास ठेवा. इथे काही आळायची वाट बघायची नसते, फक्त ब्रेडमध्ये कस्टर्ड नीट मुरून एकजीव व्हायला हवं. याच्या वड्या अंड्याच्या कॅसरोलइतक्या नेटक्या पडत नाहीत. अर्धा तास निवू दिलं तर बऱ्यापैकी पडतात, नाहीतर वाटीत वाढा.

रात्रभर लावून ठेवायचं असेल तर

ब्रेडचं कॅसरोल आठ तास टिकत नाही, कोणी काहीही म्हणो. झोपताना लावून सकाळी गोड नाश्ता तयार हवा असेल तर स्टील-कट ओट्स (चपटे न करता नुसते तुकडे केलेले) घ्या. एक कप ओट्स, चार कप पाणी-दूध निम्मं निम्मं, साखर, मीठ, दालचिनी आणि मनुका हे सगळं कुकरमध्ये बसेल अशा उष्णतारोधक भांड्यात भरा. कुकरमध्ये बाहेरून त्या भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घाला आणि 'लो'वर सात तास. बाहेरच्या पाण्यामुळे कडा करपत नाहीत. रोल्ड (चपटे केलेले) ओट्स घेऊ नका, त्यांची खळ होते.

उरलेलं आणि भांडं

उरलेलं कॅसरोल दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चांगलं राहतं. गार झाल्यावर वड्या घट्ट होतात, त्या तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. ओव्हनमधल्या कॅसरोलचा तो कुरकुरीतपणा स्लो कुकर देऊ शकत नाही, तो दुसऱ्या दिवशी तव्यावर मिळतो, आणि खरं सांगायचं तर ताज्यापेक्षा ही भाजलेली वडीच मला जास्त आवडते. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं तर कमी पॉवरवर, नाहीतर कस्टर्ड तिथेही फुटतं.

भांडं गरम असताना त्यात गार पाणी ओतू नका, सिरॅमिक तडकतं. पूर्ण निवू द्या, मग कोमट पाण्यात दोन चमचे बेकिंग सोडा टाकून तासभर भिजत ठेवा. कडेला चिकटलेली साखर आणि अंडं न खरवडता सुटून येतं.